झाडीपट्टी रंगभूमीवरील ध्वनिमिश्रण

प्रत्यक्ष ध्वनिमिश्रण म्हणजे प्रयोग चालू असताना माइकमधून येणारे निरनिराळे आवाज मिक्सरवर एकत्र आणून, त्यांचे परस्परप्रमाण राखून, ते त्याच क्षणी प्रेक्षकांपर्यंत पोहोचविण्याची क्रिया होय. ध्वनिमुद्रणात चूक पुसून पुन्हा काम करता येते, तशी सोय येथे नसते. पूर्व विदर्भातील भंडारा, गोंदिया, गडचिरोली आणि चंद्रपूर या जिल्ह्यांत रुजलेल्या झाडीपट्टी रंगभूमीवर या कामाला विशेष महत्त्व आहे, कारण तेथील नाटक बंदिस्त नाट्यगृहात न होता उघड्यावर उभारलेल्या मंडपात, मोठ्या जनसमुदायापुढे आणि रात्री उशिरापर्यंत चालते. मिश्रणाची मूलतत्त्वे सर्वत्र सारखीच असली, तरी धानाच्या मोकळ्या बांधीत ती ज्या कठोरपणे कसोटीला लागतात तशी शहरातील सभागृहात क्वचितच लागतात.

पार्श्वभूमी

भंडारा जिल्ह्यात धानाची कापणी आटोपली की दिवाळीनंतर गावोगावी मंडई भरू लागते. मंडई, शंकरपट आणि जत्रा यांच्या निमित्ताने दंडार, खडीगंमत आणि नाटक यांचे प्रयोग होतात आणि हा हंगाम साधारणपणे होळीपर्यंत चालतो. नाटक मंडळ्यांचे मुख्य केंद्र लाखांदूर तालुक्याच्या दक्षिणेला, गडचिरोली जिल्ह्यातील वडसा (देसाईगंज) येथे आहे. तेथून साकोली, लाखनी, पवनी, मोहाडी, तुमसर अशा तालुक्यांतील गावांसाठी नाटके ठरविली जातात. या रंगभूमीवरील कलावंत परशुराम खुणे यांना २०२३ मध्ये पद्मश्री जाहीर झाल्यानंतर तिच्याकडे राज्याबाहेरचेही लक्ष वळले.

दंडार आणि खडीगंमत हे प्रकार मुळात ध्वनिवर्धकाशिवाय वाढले. प्रेक्षक भोवती दाटीने बसत, गायक उंच पट्टीत गात आणि ढोलकी-टाळांचा आवाज तसाही दूरवर जाई. मराठी संगीत नाटकाची परंपराही (अण्णासाहेब किर्लोस्करांच्या ‘शाकुंतल’चा पहिला प्रयोग १८८० मध्ये झाला) नटाच्या खणखणीत, फेकलेल्या आवाजावरच उभी होती. पुढे प्रेक्षकांची संख्या वाढली, संवादप्रधान सामाजिक नाटके आली, ऑर्गन-तबल्याच्या जोडीला कीबोर्ड आणि ऑक्टोपॅड आले आणि नटाचा उघडा आवाज अपुरा पडू लागला. तिकीट काढून शेवटच्या रांगेत बसलेल्या माणसाला संवाद कळला नाही, तर त्याच्यापुरते नाटक झालेलेच नसते. त्यामुळे मिक्सरवर बसणारी व्यक्ती प्रयोगाच्या यशापयशात नटाइतकीच वाटेकरी असते, मात्र तिचे नाव जाहिरातीत क्वचितच येते.

आवाजाचा मार्ग

नवशिक्याने सर्वप्रथम समजून घ्यावयाची गोष्ट म्हणजे आवाज कोणत्या वाटेने जातो. माइक हवेतील कंपनांचे विद्युत् संकेतात रूपांतर करतो. हा संकेत अत्यंत क्षीण, बहुधा काही मिलिव्होल्टांचा असतो. तो केबलमधून मिक्सरच्या एका चॅनेलमध्ये येतो, तेथे पूर्ववर्धक त्याला कामाच्या पातळीला आणतो, मग कंप्रतांचा समतोल साधला जातो, फेडरने त्याचे प्रमाण ठरते, सर्व चॅनेल मुख्य वाहिनीत मिसळतात आणि तेथून संकेत अ‍ॅम्प्लिफायरमार्गे स्पीकरकडे जातो. मिक्सरवरील बटणांची गर्दी पाहून नवखा माणूस गांगरतो. परंतु सोळा चॅनेलचा मिक्सर म्हणजे एकच उभी पट्टी सोळा वेळा मांडलेली असते. एक पट्टी नीट कळली की उरलेल्या पंधरा कळतात.

हा मार्ग पाठ असण्याचा खरा उपयोग बिघाडाच्या वेळी होतो. ऐन प्रसंगात नायिकेचा माइक बंद पडला, तर अनुभवी साउंडवाला मार्गाच्या एका टोकापासून क्रमाने शोध घेतो: चॅनेलच्या दिव्यावर संकेत दिसतो का? दिसत असेल तर दोष पुढे आहे, दिसत नसेल तर मागे, म्हणजे केबल किंवा माइकमध्ये. नवखा माणूस सगळीच बटणे फिरवून पाहतो आणि दोष सापडला तरी आधीची जुळवणी हरवून बसतो.

गेन आणि फेडर

सुरुवातीच्या चुकांपैकी सर्वांत मोठी चूक गेन आणि फेडर यांत गल्लत करण्याची आहे. गेन म्हणजे संकेत मिक्सरमध्ये किती प्रमाणात घ्यायचा हे ठरविणारे नियंत्रण. फेडर म्हणजे त्यातला किती पुढे सोडायचा हे ठरविणारे. गेन फार कमी ठेवून फेडर वर चढविला तर आवाजाबरोबर सुसकाराही वाढतो. गेन फार जास्त ठेवला तर संकेताचे माथे कापले जातात आणि आवाज फाटतो. असा फाटलेला आवाज पुढे फेडर खाली आणूनही दुरुस्त होत नाही, तो फक्त हळू फाटलेला ऐकू येतो.

म्हणून गेन ठरविताना नटाला प्रत्यक्ष प्रयोगात जेवढ्या जोराने बोलायचे आहे तेवढ्याच जोराने बोलायला लावतात. ‘हॅलो, माइक टेस्टिंग’ असे हळू पुटपुटून लावलेला गेन खलनायकाच्या पहिल्या गर्जनेलाच लाल दिवा दाखवितो. डिजिटल मिक्सरवर सरासरी पातळी कमाल मर्यादेच्या सुमारे १८ डेसिबल खाली ठेवण्याचा प्रघात आहे. वरची मोकळी जागा किंकाळी, टाळी, रडणे यांसाठी राखीव असते. फेडर शून्याच्या खुणेजवळ असताना त्याची छोटी हालचाल छोटाच बदल घडविते, तर तळाशी तेवढ्याच हालचालीने आवाज एकदम उसळतो किंवा गडप होतो. त्यामुळे गेन असा लावावा की प्रयोगभर फेडर शून्याच्या आसपास राहील.

डेसिबलच्या मापाची सवय होण्यास वेळ लागतो. अ‍ॅम्प्लिफायरची शक्ती दुप्पट केली तरी पातळी केवळ ३ डेसिबलने वाढते. आवाज कानाला दुप्पट मोठा वाटण्यासाठी सुमारे १० डेसिबल, म्हणजे दहापट शक्ती लागते. आवाज पुरत नाही म्हणून आणखी वॅट मागविण्यापेक्षा माइक तोंडाजवळ नेणे जवळजवळ नेहमीच स्वस्त आणि अधिक परिणामकारक ठरते.

माइकचे अंतर

माइक आणि तोंड यांतील अंतर दुप्पट झाले की माइकपर्यंत पोहोचणारा आवाज सुमारे ६ डेसिबलने घटतो. हातातला माइक तोंडापासून ५ सेंटिमीटरवर असतो. तोच माइक रंगमंचाच्या वर टांगला आणि अंतर दीड मीटर झाले तर घट जवळपास ३० डेसिबलची होते. मात्र वाद्ये, प्रेक्षकांचा गलका, जनरेटर आणि स्वतःच्याच स्पीकरचा आवाज यांत अशी घट होत नाही. नाटकात सर्व नटांच्या हाती माइक देता येत नाही, त्यामुळे टांगलेले किंवा रंगमंचाच्या कडेला उभे केलेले सामाईक माइक वापरावे लागतात आणि संगीत कार्यक्रमापेक्षा नाटकाचे मिश्रण कठीण होते ते याच कारणाने.

या अडचणीतून नटांची एक सवय तयार होते: महत्त्वाचे वाक्य माइकखाली येऊन बोलायचे. शहरी समीक्षकाला ही हालचाल कृत्रिम वाटू शकते, पण ती ध्वनिशास्त्राला धरून आहे. नटाने एक पाऊल पुढे टाकल्याने जे साधते ते मिक्सरवरील कोणत्याही बटणाने साधत नाही.

एकाच वेळी उघड्या असलेल्या माइकची संख्या दुप्पट झाली की शिटी वाजण्याआधी मिळणारी आवाजाची मर्यादा ३ डेसिबलने खाली येते. एकाच्या जागी आठ माइक उघडे ठेवले तर ९ डेसिबल गमवावे लागतात. म्हणून ज्याच्याखाली कोणी उभे नाही तो माइक खाली आणणे हे मिश्रकाचे अखंड चालणारे काम आहे. त्यासाठी संहिता माहीत असावी लागते. पुढचा प्रवेश कोणत्या विंगेतून आहे हे ठाऊक नसलेला मिश्रक नेहमी अर्धे वाक्य उशिरा पोहोचतो. प्रॉम्प्टर बसत असेल तर त्याच्या जवळचा माइक ही आणखी एक जोखीम असते. नटाच्या आधी प्रॉम्प्टरचे वाक्य साऱ्या गावाला ऐकू गेल्यास गंभीर प्रवेशाचाही फार्स होतो. दोन माइक शेजारी लावताना त्यांच्यातील अंतर, तोंड व माइक यांतील अंतराच्या किमान तिप्पट असावे, अन्यथा एकच आवाज दोन माइकमध्ये किंचित मागेपुढे पोहोचून पोकळ, डब्यात बोलल्यासारखा होतो.

शिटी

स्पीकरचा आवाज पुन्हा माइकमध्ये शिरून, वाढून, परत स्पीकरमधून बाहेर पडू लागला की एक वर्तुळ तयार होते. एखाद्या कंप्रतेवर या वर्तुळातील एकूण वाढ मूळ आवाजाइतकी झाली की ती कंप्रता आपोआप वाढत जाते आणि शिटी वाजते. कमी कंप्रतेवर हेच घडले तर घुमणे किंवा हंबरल्यासारखा नाद ऐकू येतो.

शिटीवरील उपायांचा क्रम महत्त्वाचा आहे. पहिला उपाय मांडणीचा: मुख्य स्पीकर माइकच्या पुढे, प्रेक्षकांच्या दिशेने असावेत. दुसरा, माइकच्या दिशाग्रहणाचा उपयोग करणे. हृदयाकृती ग्रहणक्षेत्र असलेला माइक बरोबर मागच्या बाजूने सर्वांत कमी ऐकतो, त्यामुळे मॉनिटर त्याच्या पाठीमागे ठेवतात. अतिहृदयाकृती माइकची बहिरी बाजू मात्र थेट मागे नसून तिरपी असते, म्हणून तेथे मॉनिटर थोडे बाजूला सरकवावे लागतात. गायकाने माइकची जाळी मुठीत धरली की त्याचे दिशाग्रहण बिघडते आणि तो सर्व बाजूंनी ऐकू लागतो. शिटी वाजली म्हणून घाबरून जाळी झाकल्यास ती आणखी वाढते ती यामुळेच. तिसरा उपाय अनावश्यक माइक बंद करण्याचा. या तिन्हींनंतरही शिटी राहिली तरच ग्राफिक इक्वलायझरवर ती कंप्रता शोधून थोडी खाली आणावी. हा क्रम उलटा करून आधीच दहा पट्ट्या खाली ओढल्या तर शिटी जाते, पण तिच्याबरोबर नटाचा आवाजही जातो.

शिटी ऐकून तिची कंप्रता ओळखता येणे हे सरावाचे कौशल्य आहे. २५० हर्ट्झच्या आसपास घुमट आवाज येतो, १००० हर्ट्झला ओठ गोल करून काढलेल्या स्वरासारखा, तर २००० ते ४००० हर्ट्झमध्ये कानात घुसणारी खरी शिटी वाजते. रिकाम्या मंडपात, प्रेक्षक येण्यापूर्वी, एकेक माइक मुद्दाम शिटीच्या काठापर्यंत नेऊन हा अभ्यास करता येतो.

शब्द कळणे

आवाज मोठा असणे आणि शब्द कळणे या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. मानवी आवाजाची ऊर्जा मुख्यतः खालच्या कंप्रतांत, स्वरांत असते. अर्थभेद मात्र बराचसा व्यंजनांवर अवलंबून असतो आणि ती प्रामुख्याने १००० ते ४००० हर्ट्झ आणि त्यावर असतात. ‘ताट’, ‘पाट’ आणि ‘खाट’ यांतला ‘आ’ शेवटच्या रांगेपर्यंत सहज जातो. कोणता शब्द होता हे ठरविणारा पहिला वर्ण वाटेत हरवतो. अशा वेळी बास वाढविणारा नवशिका आवाज भारदस्त करतो आणि नाटक अनाकलनीय करतो.

बोलण्याच्या प्रत्येक माइकवर सुमारे १०० हर्ट्झच्या खालचा भाग कापणारा गाळक लावणे हा म्हणूनच पहिला नियम मानला जातो. त्याने लाकडी फळ्यांवर आपटणाऱ्या पावलांचा धप्प आवाज आणि वाऱ्याची घरघर कमी होते. वाढविण्यापेक्षा कमी करणे श्रेयस्कर असते: संवाद दबत असेल तर तो चढविण्याआधी कीबोर्ड आणि ढोलक किती खाली आणता येतात ते पाहावे. वादक बहुधा रंगमंचासमोरच बसतात आणि ढोलक-तबल्याचा उघडा आवाज पहिल्या रांगांना तसाही मिळतो. मागच्या प्रेक्षकांपुरती त्यात भर घालणे एवढेच मिक्सरचे काम असते. पार्श्वसंगीत शेवटच्या शब्दानंतर वर येणे आणि पुढच्या शब्दाआधी खाली जाणे ही गोष्ट मीटर पाहून साधत नाही; तिला नाटक कळावे लागते.

मॉनिटर म्हणजे नट-वादकांना ऐकण्यासाठी लावलेले स्पीकर. त्यांचे मिश्रण मुख्य मिश्रणापासून स्वतंत्र असते. गायिकेला ऑर्गनचा सूर आणि स्वतःचा आवाज ऐकू आला पाहिजे. बाकी काही तेथे जितके कमी तितके बरे.

मंडप आणि हिवाळ्याची रात्र

मंडपाला सभागृहासारख्या भिंती नसतात; कनातीचे कापड खालच्या कंप्रता अडवीत नाही. त्यामुळे प्रतिध्वनीचा त्रास कमी, पण भिंतींवरून परतणाऱ्या आवाजाचा आधारही नाही. उघड्यावर अंतर दुप्पट झाले की पातळी ६ डेसिबलने उतरते: स्पीकरपासून ५ मीटरवर ९५ डेसिबल असेल तर १० मीटरवर ८९, २० मीटरवर ८३ आणि ४० मीटरवर ७७. मागच्यांसाठी आवाज वाढविला की पुढे जमिनीवर बसलेल्या मुलांच्या कानावर आघात होतो.

यावर सर्वांत साधा उपाय स्पीकर उंच करण्याचा आहे. स्पीकर कानाच्या पातळीवर असेल तर ३ मीटरवरचा आणि ३० मीटरवरचा श्रोता यांच्यात २० डेसिबलचा फरक पडतो. तोच स्पीकर कानापेक्षा ४ मीटर उंच नेऊन तोंड मागच्या रांगांकडे झुकविले, तर पहिल्या श्रोत्याचे अंतर ५ मीटर होते, मागच्याचे जवळजवळ तेवढेच राहते आणि केवळ अंतरामुळे पडणारा फरक साडेपंधरा डेसिबलच्या आसपास येतो. शिवाय पुढे बसलेली माणसे आवाज अडवीत नाहीत. उंचीवरच्या स्पीकरचा आधार भक्कम बांधलेला असणे अर्थातच अनिवार्य आहे.

मंडप फार लांब असेल तर मध्यावर आणखी दोन स्पीकर लावून त्यांचा आवाज मुद्दाम विलंबाने सोडतात. हवेत आवाजाचा वेग २० अंश सेल्सिअसला सेकंदाला सुमारे ३४३ मीटर असतो आणि तापमान उतरले की तो घटतो. १२ अंशांच्या रात्री तो ३३८-३३९ मीटर भरतो. ३० मीटरवरच्या स्पीकरला त्यामुळे सुमारे ८९ मिलिसेकंदांचा विलंब द्यावा लागतो. त्यात आणखी दहा-पंधरा मिलिसेकंद मिळविले तर आवाज जवळच्या स्पीकरमधून येत असूनही कानाला तो रंगमंचाकडून आल्यासारखा वाटतो, कारण कान प्रथम पोहोचलेल्या आवाजावरून दिशा ठरवितो. हेल्मुट हास या जर्मन संशोधकाने १९४९ मध्ये या परिणामाचा अभ्यास मांडला आणि तो त्याच्याच नावाने ओळखला जातो.

रात्र चढते तशी जमिनीलगतची हवा वरच्या हवेपेक्षा थंड होते. अशा थरांतून जाताना आवाज वर निघून न जाता खाली वाकतो आणि दूरवर पोहोचतो. शेजारच्या गावात मध्यरात्री नाटकाची वाक्ये स्पष्ट ऐकू येतात यात शांततेइतकाच या वक्रीभवनाचाही वाटा असतो. संध्याकाळी जुळविलेली पातळी म्हणूनच रात्री पुन्हा तपासावी लागते. पहाटे पडणारे दहिवर हा आणखी एक शत्रू आहे. मिक्सरवर छत आणि माइकसाठी कोरडे फडके नसेल तर ओलाव्याने खरखर सुरू होते.

वीज

वीजपुरवठा ५० हर्ट्झचा असल्याने भूसंपर्कन सदोष असले की ५० आणि १०० हर्ट्झची गुणगुण स्पीकरमध्ये उतरते. प्रकाशयोजनेचे डिमर आणि ध्वनियंत्रणा एकाच वायरीवर चालविल्यास करकर येते, म्हणून दोन्हींचे मार्ग वेगळे ठेवतात. लांब अंतरासाठी संतुलित केबल वापरतात. तिच्यातील दोन तारांवर एकच संकेत उलटसुलट जातो, वाटेत मिसळलेली बाधा मात्र दोन्हींवर सारखी असते आणि वजाबाकीत निघून जाते.

परंतु गुणगुण हा गौण प्रश्न आहे. बांधीतील जमीन ओलसर असते, नट पुष्कळदा अनवाणी असतो आणि माइकचा धातूचा दांडा त्याच्या हातात असतो. भूसंपर्कन नसलेल्या यंत्रणेत एका सदोष अ‍ॅम्प्लिफायरमुळे त्या दांड्यात वीज उतरू शकते. ‘गुणगुण जाते’ म्हणून प्लगची अर्थिंगची पिन तोडण्याचा प्रकार म्हणूनच प्राणघातक आहे. ३० मिलिअँपिअरच्या गळतीला तुटणारे संरक्षक उपकरण पुरवठ्याच्या सुरुवातीला बसविणे आणि प्रयोगापूर्वी प्रत्येक दांडा टेस्टरने तपासणे ही किमान काळजी होय.

शिकण्याची वाट

या व्यवसायात प्रवेश बहुतेकदा केबल गुंडाळण्यापासून होतो आणि ते अपमानास्पद समजण्याचे कारण नाही. पीळ न देता, एक वेढा उलट आणि एक सुलट असा घातलेला केबल वर्षानुवर्षे टिकतो. कोपराभोवती आवळलेला आतून तुटतो. त्यानंतर मांडणी, मग एखाद्याच वाद्याचा चॅनेल सांभाळणे आणि शेवटी संपूर्ण प्रयोग, असा क्रम दिसतो. घरी सराव करावयाचा तर चार चॅनेलचा साधा मिक्सर, एक डायनॅमिक माइक आणि एक स्पीकर पुरे होतो. अशा माइकचा सर्वाधिक परिचित नमुना, शुअर कंपनीचा एसएम ५८, १९६६ पासून बाजारात आहे. त्याला वेगळी वीज लागत नाही, तर कंडेन्सर माइकला मिक्सरमधून ४८ व्होल्टचा पुरवठा द्यावा लागतो.

काही सवयी पहिल्या दिवसापासून लावाव्या लागतात. अ‍ॅम्प्लिफायर सर्वांत शेवटी सुरू करावयाचा आणि सर्वांत आधी बंद, म्हणजे धडाका स्पीकरला फोडीत नाही. प्रत्येक चॅनेलवर चिकटपट्टी लावून नाव लिहावयाचे. मध्येच जागा सोडून मंडपाच्या शेवटच्या रांगेत उभे राहून ऐकावयाचे. मिक्सर विंगेत ठेवलेला असेल तर ही फेरी टाळताच येत नाही, कारण विंगेत जे ऐकू येते ते नाटक नसते.

आवाजाची मर्यादा

ध्वनिप्रदूषण (नियमन व नियंत्रण) नियम, २००० नुसार रात्री १० ते सकाळी ६ या वेळेत उघड्यावर ध्वनिवर्धकाचा वापर करता येत नाही. सांस्कृतिक किंवा धार्मिक उत्सवांसाठी राज्य शासन वर्षातील जास्तीत जास्त १५ दिवस ही मुदत रात्री १२ पर्यंत वाढवू शकते. निवासी क्षेत्रासाठी दिवसा ५५ आणि रात्री ४५ डेसिबल ही मर्यादा असून रुग्णालये, शाळा व न्यायालये यांच्याभोवती शांतता क्षेत्र असू शकते. रात्री उशिरा सुरू होऊन पहाटेपर्यंत रंगणाऱ्या परंपरेचा या नियमांशी थेट सामना होतो. मंडळाने परवानगी घेणे, स्पीकर गावाऐवजी मंडपाच्या आतल्या बाजूला वळविणे आणि प्रेक्षकांजवळ अनेक लहान स्पीकर लावून एकूण पातळी खाली ठेवणे हे मार्ग मिश्रकाला ठाऊक असावे लागतात.

दुसरी मर्यादा कानाची आहे. व्यावसायिक आरोग्याच्या प्रचलित निकषानुसार ८५ डेसिबलचा आवाज दिवसाला ८ तासांपर्यंत सुरक्षित मानतात आणि दर ३ डेसिबल वाढीला ही मुदत निम्मी होते: ९४ डेसिबलला १ तास, १०० डेसिबलला १५ मिनिटे. जागतिक आरोग्य संघटनेने २०२२ मध्ये कार्यक्रमस्थळांसाठी १५ मिनिटांच्या सरासरीने १०० डेसिबलची कमाल पातळी सुचविली. प्रेक्षक वर्षातून चार-दोन रात्री नाटक पाहतो. मिश्रक हंगामभर रोज तेथेच बसतो. थकलेल्या कानाला वरच्या कंप्रता आधी कमी ऐकू येतात, मग तो ट्रेबल वाढवीत जातो आणि तिसऱ्या अंकापर्यंत मिश्रण कर्कश होते. अनुभवी मिश्रक म्हणूनच पहिल्या अंकातील फेडरच्या जागा चिकटपट्टीवर खुणेने नोंदवून ठेवतात आणि उत्तररात्री कानापेक्षा त्या खुणांवर अधिक विसंबतात.